कोरडं घासायचं नाही

शिकायला म्हणून मी मामाकडे राहायला गेले तेव्हा त्या घरात सगळ्यात जास्त आवाज एका मशीनचा होता. पुढच्या खोलीत खिडकीशी मामाची खाट, खाटेच्या पायथ्याशी ऑक्सिजनचं मशीन आणि तिथून मामाच्या नाकापर्यंत गेलेली पारदर्शक नळी. मशीन दिवसभर गुरगुरायचं. सुरुवातीला त्या आवाजानं मला दोन ओळी सलग वाचता यायच्या नाहीत. पुढे असं झालं की वीज जाऊन ते थांबलं की मी दचकायची. मग मामी हातातलं शिवण टाकून उठायची आणि कोपऱ्यातल्या सिलिंडरला नळी जोडायची. ती लोकांचे पडदे शिवून द्यायची, त्यामुळे घरभर कुणाच्या ना कुणाच्या खिडक्यांचं कापड पसरलेलं असायचं.

नळी खिडकीपर्यंत पुरायची, दारापर्यंत नाही. मामा तिला दावं म्हणायचा. कुणी भेटायला आलं आणि जरा बाहेर येऊन बसा की, असं म्हणालं, तर तो मामीकडे बोट दाखवून सांगायचा की मालकिणीला विचारा, दावं सैल करते का. मामी ऐकून न ऐकल्यासारखं करायची.

आजारी पडण्याआधी मामा दगड कापायचा. ओट्यांसाठी, पायऱ्यांसाठी, दुकानांच्या पाट्यांसाठी काळं-तांबडं ग्रॅनाइट. कारखाना म्हणजे तीन बाजूंनी बंद असलेलं पत्र्याचं छप्पर, मध्ये गरगरणारं पातं आणि हवेत कायम पीठ उडाल्यासारखी धूळ. पात्यावर पाणी सोडायची सोय होती. पण पाण्यानं आखलेली रेघ दिसत नाही, काम मागे पडतं, म्हणून तो नळ कुणी उघडत नसे. संध्याकाळी मामा घरी यायचा तो केसांपासून चपलांपर्यंत पांढरा. त्याच्या मुलीला, म्हणजे माझ्या ताईला, लहानपणी वाटायचं की बाबांच्या भुवया संध्याकाळी पांढऱ्या होतात आणि सकाळी परत काळ्या होतात, जसं आभाळाचं होतं तसं. मागच्या दारी नळाखाली तो बसला की ती त्याच्या पाठीवरच्या धुळीत बोटानं घरं काढायची, झाडं काढायची. मग मामी वरून तांब्या ओतायची आणि झाडं, घरं वाहून जायची.

पाठीवरची धूळ निघाली. छातीतली राहिली. डॉक्टरांनी समजावून सांगितलं तेव्हा मामानं विचारलं होतं, आत गेलेला दगड कधीतरी विरघळेल ना. डॉक्टर म्हणाले, दगड विरघळलेला तुम्ही कधी पाहिलाय का? हे उत्तर मामाला इतकं पटलं की पुढे कितीतरी दिवस तो ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता, जणू डॉक्टरांनी त्याच्या मालाची तारीफच केली होती.

ताई तेव्हा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. अंगानं बारीक, चालणं भरभर, जेवण उभ्या उभ्या. विनोद सांगितला तर सगळे हसून झाल्यावर हसायची, पण मग बराच वेळ हसत राहायची. घरी कॉलेजचं सगळं सांगायची. कॉलेजात घरचं अवाक्षर नाही. त्याला कारण होतं. शाळेत असताना एकदा बाईंनी तिला वर्गात उभं करून सगळ्यांना सांगितलं होतं की हिचे वडील फार आजारी आहेत, हिच्याशी नीट वागा. मुलं महिनाभर नीट वागली. कुणी भांडलं नाही, कुणी वेणी ओढली नाही, खेळात तिच्यावर राज्य आलं तरी कुणी घेऊ दिलं नाही. त्या महिन्याचं नीट वागणं तिला आयुष्यभर पुरलं.

शेवटच्या वर्षी ती होडीच्या टीमची कप्तान झाली. सिमेंट-काँक्रीटची होडी करायची, ती तळ्यात उतरवायची आणि वल्हवत शर्यत लावायची, अशी इंजिनिअरिंग कॉलेजांची दरवर्षी स्पर्धा असते. कागदोपत्री तिचं इंग्रजी नाव कनू, पण ती जिथं बनायची त्या शेडमध्ये सगळे होडीच म्हणत. काँक्रीटची होडी तरंगते हे ऐकून मामी म्हणाली होती, या पोरांना घरी कामं नाहीत.

तरंगणं तसं अवघड नव्हतं. अवघड होती ती शर्यतीआधीची चाचणी. होडी काठोकाठ पाण्यानं भरायची, हातांनी दाबून पाण्याखाली न्यायची आणि सोडून द्यायची. ती आपली आपण वर आली पाहिजे. नाही आली तर शर्यत नाही. आदल्या वर्षी ताईच्या कॉलेजची होडी खाली गेली आणि गेलीच. काठावर शंभर लोक बघत असताना टीमला पाण्यात उतरून ती ओढून काढावी लागली होती. ताई त्या टीममध्ये होती. घरी आल्यावर एवढंच म्हणाली, की होडी परत आणताना ट्रकमध्ये कुणी कुणाशी बोललं नाही. यंदा ती वर यायला हवी होती. तिला दुसरं काही नको होतं.

खडीच्या जागी ते काचेचे पोकळ मणी घालत, साखरेच्या दाण्याहूनही बारीक. त्यानं मिश्रण इतकं हलकं व्हायचं की पाण्याहून अगदी थोडंसंच जड भरायचं. उरलेली कसर होडीच्या दोन्ही टोकांत बसवलेल्या थर्माकोलनं भरून काढायची. थर्माकोल किती घालायचा हे आधी नकाशात दाखवून ठरवलेलं असे, मग ते बदलता येत नसे. म्हणजे होडीची जाडी ठरल्याइतकीच राहिली पाहिजे. थोडी जरी वाढली, तरी ते ओझं थर्माकोलला झेपणार नाही.

मिश्रणाचा एक नमुना ताईनं मामाला दाखवायला आणला. पेल्याएवढा गोल तुकडा. मामानं तो हातात घेऊन तोलला, नखानं वाजवला, कानाशी नेला.

"हा दगड नाही, बिस्किट आहे," तो म्हणाला.

मग त्यानं पाण्याचा वाडगा मागवला आणि तुकडा त्यात सोडला. तुकडा क्षणभर अडखळला आणि हळूहळू, एका अंगावर कलत, तळाशी जाऊन टेकला. मामा वाकून बघत होता.

"बुडतोय, पण घाई नाही त्याला. माझ्यासारखाच आहे."

ताई आधी हसली नाही. मग हसली आणि बराच वेळ हसत राहिली. मामी शिलाई मशीनवरून उठून आत गेली.

होडी घालायचा दिवस मी बघायला गेले होते. प्रयोगशाळेमागे पत्र्याची लांबलचक शेड, मध्ये पालथा ठेवलेला साचा, पोट वर करून पडलेल्या मोठ्या माशासारखा. त्यावर जाळी अंथरलेली. दोन्ही बाजूंना मुलं-मुली ओळीनं उभी, हातात थाप्या. मिश्रण घमेल्यातून यायचं, हातानं थापायचं, थापीनं सारखं करायचं. काम एकदा सुरू झालं की संपेपर्यंत थांबायचं नाही, कारण थांबलं तर जुन्या-नव्या थरात सांधा राहतो आणि तिथं तडा जातो. प्रत्येकाजवळ एक तारेचा तुकडा होता. त्यावर लाल चिकटपट्टीची खूण. तार ओल्या काँक्रीटमध्ये टोचायची; खूण दिसली म्हणजे थर पातळ आहे, अजून घाला.

सगळ्यात मोठा आवाज उपकप्तानाचा होता. त्याला सगळे बुलडोझर म्हणत. अंगानं तसाच, मनानं लोणी. सगळ्यात लहान होती पहिल्या वर्षाची मुलगी, चिमणी. ती साच्याच्या टोकाशी स्टुलावर उभी राहून थापत होती आणि बुलडोझर तिला विचारत होता की घरी कधी एवढं मन लावून काम करतेस का, तुझ्या आईला फोन लावू का. चिमणी म्हणाली, लाव, पण आवाज हळू ठेव, तिला वाटेल भूकंप झालाय.

ताई या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत होती आणि एकच वाक्य परत परत सांगत होती, कुठेही कमी पडू देऊ नका. पातळ राहिलं की तडा जातो, ही भीती तिच्या मनात पक्की होती. सगळ्यांनी ते मनावर घेतलं. तार टोचली आणि खूण दिसली की लगेच एक लपका वर. शेजारचा आपली तार टोचायचा, त्यालाही शंका यायची, आणखी एक लपका. जास्त झालेलं खरवडून काढा, असं कुणी म्हणालं नाही. तारेवर ती खूणच नव्हती. लाल पट्टी कमी झालेलं सांगायची, जास्त झालेलं सांगायला काहीच नव्हतं.

मग ओली गोणपाटं घालून होडी झाकली. रोज दोनदा पाणी मारायची पाळी लागली. काँक्रीट वाळून नाही, भिजून पक्कं होतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. साचा सोडवला तेव्हा होडी अंगाखांद्यानं सुरेख दिसत होती, एकही तडा नव्हता. उचलायला गेल्यावर सगळ्यांची तोंडं उतरली. कॉलेजच्या हौदात ती भरून, दाबून, सोडून पाहिली. तुकड्यासारखीच क्षणभर अडखळली आणि खाली गेली.

उपाय सगळ्यांना माहीत होता. आतून-बाहेरून घासून जाडी उतरवायची. स्पर्धा तोंडावर आली होती. बुलडोझर ग्राइंडर घेऊन आला, वायरही जोडली. ताईनं जाऊन वायर काढली आणि सांगितलं की मशीन लावायचं नाही. पॉलिश पेपर पाण्यात बुडवायचा आणि हातानं घासायचं.

"कप्तान, हातानं हे पुढच्या वर्षीच्या स्पर्धेला होईल," तो म्हणाला.

"कोरडं घासायचं नाही."

का, ते तिनं सांगितलं नाही. सगळे ओलं घासायला बसले. हातांची साल निघाली, करड्या चिखलाचे ओघळ कोपरांपर्यंत यायचे, आणि संध्याकाळी बोट फिरवून पाहिलं तर जाडी होती तेवढीच वाटायची. शेडमध्ये कुजबुज सुरू झाली. कप्तानचा हट्ट, कुणी म्हणे. होडी बुडवायचंच ठरवलंय तिनं, कुणी म्हणे. चिमणीनं मला नंतर सांगितलं की तिला वाटायचं, ताईला मशीनच्या आवाजाची भीती वाटत असेल.

घरी जेवताना ताईनं हे सगळं सांगितलं. मामा मन लावून ऐकत होता. हे त्याच्या धंद्यातलं होतं.

"मशीन लाव की," तो म्हणाला. "दोन दिवसांचं काम आहे. पाण्यानं घासून काय होतंय? मऊ पडतं ते, पेपर नुसता सरकतो."



"धूळ फार होते, बाबा."

"होणारच. तोंडाला फडकं बांधायचं."

मामी वाढत होती. तिनं हातातलं भांडं खाली ठेवलं.

"तुम्हीही बांधत होतात," ती म्हणाली.

त्यानंतर जेवण संपेपर्यंत फक्त मशीन गुरगुरत होतं. मामानं नाकाशी नळी नीट केली, खरं तर ती नीटच होती. मग तो उठून नळी पुरेल तिथपर्यंत गेला आणि खिडकीत पाठमोरा उभा राहिला.

पुढच्या आठवड्यात त्याचा श्वास बिघडला. सकाळी चहाचा कप तोंडाला लावला आणि तो खाली ठेवायलाही त्याला दम पुरेना. ताईनंच अँब्युलन्स बोलावली, ताईच त्याच्याबरोबर बसून गेली. वॉर्डातल्या लोखंडी खुर्चीवर तिनं दिवस काढले. मी आणि मामी आळीपाळीनं जायचो. होडीच्या टीमला तिनं पाच शब्दांचा निरोप पाठवला: वडील आजारी, सध्या येत नाही. कशानं आजारी, ते त्यात नव्हतं. बुलडोझर भेटायला येतो म्हणाला तर तिनं नको म्हणून सांगितलं. तुम्ही घासत राहा, एवढंच म्हणाली.

मामा शुद्धीवर असला की होडीचं विचारायचा. किती उतरली? ताई सांगायची, उतरतेय. तो बोटांची चिमूट करून दाखवायचा, एवढी? ती तीच चिमूट आणखी बारीक करून द्यायची. मास्कमधून त्याला नीट बोलता यायचं नाही, तेव्हा दोघांचं बोलणं या चिमटीवरच चालायचं. त्याला होडी पाण्यातून वर येताना बघायची होती. तळ्यापर्यंत कसं जाणार, हे त्यानं विचारलं नाही आणि तिनंही काढलं नाही.

एका दुपारी, वॉर्डात भेटीची वेळ संपून माणसं डबे-पिशव्या गोळा करून निघत होती, तेव्हा मामा गेला. मामी त्याच्या पायाशी होती. ती म्हणाली, "अहो, थांबा," जसं कुणी दारातून बाहेर पडणाऱ्याला म्हणावं. ताई उठली आणि नर्सला बोलवायला गेली. परत येताना ती भरभर नाही, हळू चालत होती. तिला तशी चालताना मी पहिल्यांदा पाहिलं.

अँब्युलन्स आली त्या सकाळपासून चालूच राहिलेलं ऑक्सिजनचं मशीन घरी आल्यावरही मामीनं बंद केलं नाही. ते नळीशिवाय तसंच गुरगुरत होतं. दुसऱ्या दिवशी ज्यांचं होतं ते येऊन घेऊन गेले, मग घर एकदम मोठं झालं.

काही दिवसांनी ताई म्हणाली, शेडवर जाऊन येते. मामीनं मला सोबत पाठवलं.

शेडचं शटर खाली ओढलेलं होतं. आतून मशीनची घरघर येत होती. मला आधी कळलं नाही, ताईला कळलं. ती धावत गेली आणि दोन्ही हातांनी शटर वर ढकललं. आतून पांढरा ढग बाहेर आला, आमच्या पायांवरून, अंगावरून गेला. तो विरला तेव्हा सगळे दिसले. तोंडाला रुमाल बांधलेले, डोक्यापासून पायांपर्यंत पांढरे. केस पांढरे, पापण्या पांढऱ्या. बुलडोझरनं ग्राइंडर बंद केला, रुमाल खाली ओढला; नाकातोंडाभोवतीची तेवढी चामडी माणसाच्या रंगाची होती.

मधे होडी, पातळ आणि गुळगुळीत.

नंतर सगळं कळत गेलं. कप्तानचे वडील गेले हे समजल्यावर सगळे शेडमध्ये जमले होते. काय करावं कुणाला सुचेना. फुलं न्यायची का, घरी जायचं का. ती तर येऊ नका म्हणालेली. मग बुलडोझर म्हणाला होता की आपण एकच गोष्ट करू शकतो. ती परत येईल तेव्हा होडी तयार असली पाहिजे. आवाजाची शेजारच्या वर्गातून तक्रार आली म्हणून त्यांनी शटर ओढून घेतलं. दिवसभर पाळ्या लावून घासत होते. आदल्या दिवशी हौदात सोडली आणि होडी वर आली होती. सगळे नाचले, आणि मग कुणाच्या तरी लक्षात आलं की आत्ता नाचू नये, म्हणून थांबले.

आत्ता ते ताईकडे बघत होते. हसावं की नाही हे कुणाला ठरवता येत नव्हतं.

"तुला काही करायला ठेवलं नाही, कप्तान," बुलडोझर म्हणाला.

ताई पुढे गेली. चिमणी सगळ्यात जवळ होती. ताईनं आपल्या ओढणीचं टोक घेतलं आणि चिमणीची एक भुवई पुसली, मग दुसरी. काळ्या भुवया वर आल्या. चिमणीला वाटलं ती लाड करतेय, ती तशीच चेहरा वर करून उभी राहिली.

"रागावलीस?" तिनं विचारलं.

"नाही. चला, नळावर चला सगळे."

मागच्या बाजूला एक नळ होता. ताईनं सगळ्यांना रांगेनं बसवलं. केस धुवा, कान धुवा, नाकात पाणी घ्या आणि शिंकरा. ती स्वतः बादलीतून पाणी ओतत होती. मुलं एकमेकांवर पाणी उडवायला लागली, बुलडोझरनं कुणाचं तरी डोकं नळाखाली दाबलं, हसणं सुरू झालं. ताईनं त्यांना हसू दिलं. गटारातून पांढरं पाणी वाहत होतं आणि ती ते बघत उभी होती.

परत येताना मी विचारलं, सांगायचं नाही का त्यांना? ती म्हणाली, स्पर्धा होऊ दे.

स्पर्धेत होडी भरली, दाबली, सोडली. क्षणभर काही झालं नाही. मग आधी नाक दिसलं, मग दोन्ही काठ, आणि पूर्ण होडी पाण्यातून वर येऊन हलत राहिली. काठावरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. बुलडोझर ढसाढसा रडला. ताई टाळ्या वाजवत होती, सगळ्यांच्या पाठीवर थाप मारत होती. शर्यतीत ती मागच्या जागेवर बसून वल्हवत होती. ते मधेच कुठेतरी आले, कितवे ते कुणी विचारलं नाही. काठावर उतरल्यावर धाप लागलेला बुलडोझर वाकून खोकायला लागला. सगळे त्याला चिडवत होते, बुलडोझरचं डिझेल संपलं म्हणून. ताई त्याच्यापाशी गेली आणि त्याचा खोकला थांबेपर्यंत तिथून हलली नाही.

त्यानंतर तिनं टीमला दवाखान्यात बोलावलं. सगळ्यांनी छातीचा एक्स-रे काढायचा. का, म्हणून कुणी विचारलं नाही. होडी वर आल्यापासून कप्तान सांगेल ते करायला सगळे तयार होते. आतला ग्रुप फोटो, बुलडोझर म्हणाला. बाकावर ओळीनं बसले असताना ती त्यांच्यासमोर उभी राहिली.

"माझे बाबा आजारी होते, एवढंच तुम्हाला माहीत होतं. ते दगड कापायचे. धुळीनं गेले."

दवाखान्यात कुठेतरी नाव पुकारलं गेलं. कुणीतरी उठून गेलं. चिमणीनं हात तोंडाशी नेला आणि तसाच ठेवला.

"आधी का नाही सांगितलंस?" बुलडोझरनं विचारलं. त्याचा आवाज पहिल्यांदाच लहान झाला होता.



"सांगितलं असतं, तर तुम्ही माझ्याशी नीट वागायला लागला असता."

"आम्ही तुझ्यासाठीच केलं, कप्तान."

"माहितीय," ती म्हणाली. "माझ्यासाठीच केलंत."

एक्स-रे सगळ्यांचे स्वच्छ आले. डॉक्टरांनी एकेक उजेडाला धरून पाहिला आणि हसले. म्हणाले, हे वर्षानुवर्षांचं दुखणं आहे, चार दिवस धूळ खाऊन कुणी मरत नाही, घरी जा. मुलं सुटल्यासारखी बाहेर पडली. ताई मागे थांबली आणि विचारत राहिली की आत थोडी गेली असेल तर ती कधी दिसते, पुढच्या वर्षी दिसेल का, त्याच्या पुढच्या वर्षी. डॉक्टरांनी दोनदा नीट उत्तर दिलं. तिसऱ्यांदा त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

आता ती पुलांच्या कामावर इंजिनिअर आहे. साइटवर पाणी सोडल्याशिवाय कटर लावू देत नाही, म्हणून ठेकेदार तिच्या नावानं बोटं मोडतात. ते ती आम्हाला हसत सांगते. पण दरवर्षी, स्पर्धेच्या सुमाराला, ती टीममधल्या प्रत्येकाला निरोप पाठवते: यंदाचा एक्स-रे काढला का? पहिल्या वर्षी सगळ्यांनी काढून पाठवले. पुढच्या वर्षी निम्म्यांनी. मग कुणाची लग्नं झाली, कुणी परदेशी गेलं. बुलडोझर आता नुसता हसरा चेहरा पाठवतो, आणि लिहितो की छाती ठणठणीत आहे कप्तान, पोट सुटलंय तेवढं बघ. ती त्यालाही उत्तर लिहिते: तरी काढ.

गेल्या हिवाळ्यात चिमणीचा फोन आला होता, सहजच. बोलता बोलता ती खोकली. ताईनं दुसऱ्या दिवशी रजा टाकली, गाडी पकडली आणि तिच्या गावी गेली. चिमणीनं मला मागून सगळं सांगितलं. ती नको नको म्हणत होती, साधी सर्दी आहे म्हणत होती, नवराही म्हणत होता. ताई ऐकेना. तिला घेऊन दवाखान्यात गेली, बाहेरच्या बाकावर बसून राहिली. सर्दीच निघाली. ताईनं एक्स-रेचा तो काळा कागद खिडकीच्या काचेला लावून बराच वेळ बघितला, मग घडी न पाडता पाकिटात घातला आणि चिमणीच्या हातात दिला. चहा घेतला. मुक्कामाला राहा म्हटलं तर कामं आहेत म्हणाली आणि परतीच्या गाडीत बसली.

घरी पोचली तेव्हा मामी आणि मी जेवायला थांबलो होतो. मामीनं विचारलं, कशी आहे गं ती मुलगी?

ताईनं चप्पल काढली, हात धुतले, ताट पुढे ओढलं.

"सध्या बरी आहे," ती म्हणाली.